न वेचलेली मोहफुलं

"कान्हा," मी म्हटलं, "मग पेंच. आणि दिवस उरलेच तर बांधवगड."

"वाघ नक्की दिसेल ना?" रेवाने विचारलं. माझी लेक तेव्हा चौथीत होती आणि या एका प्रश्नावरून तिने संक्रांतीपासून घर डोक्यावर घेतलं होतं.

"तीन जंगलं पालथी घालतोय. एखादा तरी चुकून भेटेलच."

आमच्या घरात सहल हे खातं माझं. दिनकर, माझा नवरा, पुलांची डिझाइनं करतो. त्याच्या भरवशावर नदीवर काँक्रीट उभं राहतं, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा झाला की तो माझ्या तोंडाकडे बघतो. मी कराडची. आम्ही माणसं महाबळेश्वरला निघालो तरी शेंगदाण्याची चटणी, दडपे पोहे आणि डोकेदुखीची गोळी बरोबर घेऊन निघतो. त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी जानेवारीतच ठरवायची हा माझा शिरस्ता. त्यातून जंगलाचं बुकिंग म्हणजे लग्नाच्या हॉलपेक्षा अवघड. गेट कुठलं, फेरी सकाळची की दुपारची, प्रत्येकाचं ओळखपत्र. जरा हयगय केलीत की बसा हात चोळत. त्या रविवारी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसले होते आणि दिनकर शेजारी बसून शेंगदाणे तोंडात टाकत होता.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मले बी घेऊन चाला."

मी बघतच राहिले. आई आमच्याबरोबर कधी कुठे आल्या नव्हत्या. घराला कोणीतरी पाहिजे म्हणून दर वर्षी त्या मागे राहायच्या, आणि खरं सांगायचं तर आम्हीही तोंडदेखलाच आग्रह करायचो.

"चला की, आई! कान्ह्याला राहायची सोय एकदम छान आहे."

"कान्हा नको. आपल्या जंगलात जाऊ. मोहबोडीले."

दिनकरचा शेंगदाण्यांचा हात थांबला.

मोहबोडी हे त्याचं गाव. म्हणजे होतं. चंद्रपूरकडच्या जंगलात खूप आत, एका तळ्याच्या काठावर. तळ्याला तिकडे बोडी म्हणतात. काठावर मोहाची झाडं आणि त्यांच्या मधूनमधून गोंडांची घरं. दिनकर नागपूरला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर असताना ते गाव उठलं. वाघांसाठी जंगल मोकळं करायचं होतं. लोकांना हमरस्त्याजवळ प्लॉट मिळाले, पक्की घरं मिळाली; ती नवी मोहबोडी. परीक्षा संपवून दिनकर घरी गेला तो एकसारख्या घरांच्या रांगेत स्वतःचं घर विचारत विचारत. त्याच्या वडिलांना ती जागा मानवली नाही. दोनेक पावसाळ्यांत ते गेले. मग आई पुण्याला आमच्याकडे आल्या, त्या कायमच्या. जुन्या मोहबोडीच्या जागी आता गवताचं मोठं कुरण आहे, आणि त्या जंगलात वाघ बघून आलेली माणसं त्या कुरणाचं नाव कौतुकाने घेतात.

"मी तिथं तिकीट काढून जाणार नाही," दिनकर म्हणाला.

"दिनू..."

"माय, ज्या बोडीत मी म्हशी धुतल्या, तिथं आता टोपी घालून जीपमंधी बसून जाऊ? अन् कोनीतरी मले सांगन, सर, खाली उतरू नका?" आईशी बोलायला लागला की त्याच्या बोलण्यातलं पुणं गळून पडायचं.

"नको जाऊ मंग," आई म्हणाल्या. "मी जातो."

त्यांच्याकडे बायकाही असंच बोलतात, 'मी जातो', 'मी येतो'. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचं हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही.

"काय ठेवलं हाय तिथं? देव आनले आपन. पुरखे आनले. ढोल वाजवत आनले, बाबानं सांगतलं मले सारं. आता तिथं गवत हाय, माय. गवत!"

आईंनी एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. मग जणू त्याने काही विचारलंच नव्हतं अशा आवाजात म्हणाल्या, "मोह पडते तवा जाऊ. मोह संपायच्या आंदी."

नंतर स्वयंपाकघरात मी त्यांना गाठलं. "आई, तिथे नेमकं काय बघायचंय तुम्हाला?"

"एक जागा हाय."

"कसली जागा?"

"तिथं गेल्यावर सांगतो."

आता माझा स्वभाव असा, की कोणी काही दडवलं की मला रात्री झोप लागत नाही. पण आईंनी आमच्याकडे आल्यापासून काही मागितलं नव्हतं. चष्म्याची काडी मोडली तर दोरा बांधून महिनाभर वापरला होता, मला कळलं तेव्हा मीच त्यांना रागावले होते. अशी बाई पहिल्यांदा काही मागत होती. मी मनात म्हटलं, जाऊ दे, पळसाला पाने तीनच. कान्ह्याचा वाघ काय आणि चंद्रपूरचा काय. कान्ह्याची पानं मी बंद केली.

दिनकरशी मात्र कडाक्याचं भांडण झालं. तो गॅलरीत कपडे वाळत घालत होता, तिथेच.

"तुला नाही कळणार, वैजू," तो म्हणाला. "तुझं कराड जागच्या जागी आहे. तू कधीही जा, बसस्टँड तिथेच, घाट तिथेच, तुझ्या शाळेची घंटा तिथेच. मला तिथे जाऊन काय बघायचंय? काहीच नाही, हे बघायचंय?"

"तुला नसेल बघायचं. आईंना बघायचंय."

"रडेल ती तिथं."

"मग रडू देत की. इथे रडल्यात का कधी?"

उशीचा अभ्रा त्याने उगाचच पुन्हा पुन्हा झटकला. "मी जीपमध्ये बसेन," शेवटी म्हणाला. "डोळे मिटून."

"बस. तुझं तिकीट काढते."

रेवाची परीक्षा संपल्या संपल्या एप्रिलमध्ये निघायचं ठरलं. आईंना तो उशीर वाटत होता. मार्च लागल्यापासून त्या नव्या मोहबोडीतल्या त्यांच्या जावेला फोन लावायच्या आणि 'कशी हायेस' च्या आधी विचारायच्या, "मोह लागला का व पडाले?" पडतोय म्हटलं की यांचा जीव टांगणीला. "संपनार तं नाई ना, वैजू? तवापर्यंत राहीन ना?" जसं काही मोहाच्या झाडांचं बुकिंगही माझ्याच हातात होतं.

एका दुपारी त्या रेवाला जवळ घेऊन टेबलावर वालाचे दाणे मांडत बसल्या होत्या. मी दारातून ऐकत होते.

"हे आपलं घर. ही विहीर. ह्या बाजूनं बोडी. अन् आपल्या घराच्या मागच्या दारातून निंघालं ना, तं नाकासमोर चालाचं. कुठंच वळाचं नाई. मंग एक मोहाचं झाड येते."

"मग?"

"मंग काई नाई. थेच झाड पाह्याचं हाय मले."

"त्याच्यावर वाघ बसतो?"

"वाघ झाडावर नाई बसत, येडे," आई हसल्या, आणि तो एक दाणा बोटाने जागेवर नीट सारखा केला.

आम्ही उतरलो त्या रिसॉर्टच्या भिंती शेणाने सारवलेल्या होत्या आणि आत एसी होता. दारावर पांढऱ्या मातीची नक्षी. आईंनी भिंतीवरून हात फिरवला, वास घेतला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "एवढे पैसे देऊन झोपडीत झोपाले आलो आपन!" दिनकरही हसला. पुण्याहून निघाल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता, म्हणून मला बरं वाटलं.

सकाळी गेटवर आमची गाइड भेटली. वर्षा तिचं नाव, तिशीच्या आतबाहेरची, खाकी शर्ट, घट्ट वेणी. तिने आईंना हात देऊन जीपमध्ये चढवलं आणि नियम सांगितले. "आजी, खाली उतरायचं नाही, काहीही झालं तरी. बाहेर काही टाकायचं नाही, उचलायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही."

"बरं बाई," आई म्हणाल्या. त्यांनी नवं हिरवं लुगडं नेसलं होतं. केसांना तेल लावून चापून अंबाडा घातला होता. नातेवाइकांकडे निघाल्यासारख्या दिसत होत्या. दिनकर मागच्या कोपऱ्यात बसला आणि त्याने टोपी नाकापर्यंत ओढून घेतली.

जीप आत शिरली तशी आई ताठ बसल्या. त्या हळूहळू एकेका झाडाचं नाव घ्यायला लागल्या. येन, धावडा, तेंदू, बेहडा. कोणाला सांगण्यासाठी नव्हे, नुसतंच. रस्त्यात चितळं दिसली, एक रानडुक्कर आडवं गेलं, रेवाने मोराचे फोटो काढले. मग रस्ता एका वळणावरून उतरला आणि एकदम उजेड झाला. वाटेच्या एका बाजूला पिवळ्या गवताचं कुरण, दुसऱ्या बाजूला चमकणारं पाणी.

"मोहबोडी," वर्षा म्हणाली. "इथे वाघीण आहे, तीन पिल्लं आहेत. आठवडाभर इथेच दिसतेय."

कुरणाच्या कडेला जीपांची रांग लागली होती. लोक लांब लेन्सा रोखून उभे होते. कोणीतरी कुजबुजत होतं, कोणीतरी थर्मासमधला चहा ओतत होतं. मी आईंकडे बघितलं. त्या उभ्या राहिल्या होत्या, पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून.

थोड्या वेळाने पलीकडच्या जंगलातून वानरं ओरडली. "कॉल! कॉल!" म्हणत सगळ्या जीपा तिकडे पळाल्या. आमच्या ड्रायव्हरनेही चावी फिरवली.

"थांबा," आई म्हणाल्या. "इथंच थांबा."

"आजी, तिकडे वाघीण निघेल," वर्षा म्हणाली.

"निंघू दे."

रेवाचं तोंड एवढंसं झालं, पण माझ्याकडे बघून ती गप्प बसली. धूळ खाली बसली. कुरणावर फक्त आम्ही उरलो.

आईंनी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. कुरणात मोहाची झाडं होती, मोप होती. गाव उठवताना घरं गेली, झाडं राहिली. एकेका झाडाखाली पिवळट फुलांचा सडा. गोडसर, आंबूस वास सगळीकडे भरून राहिला होता.

"वर्षाबाई, इथं विहीर होती एक."

"बुजवली असेल, आजी. जनावरं पडतात ना."

"अन् घराचे पाये?"

"नाहीत काही. गवत लावलंय सगळीकडे."

आईंचं बोट हवेत उचललं गेलं, एका झाडाकडे वळलं, मग दुसऱ्याकडे. मग ते खाली आलं. "थे असन," त्या पुटपुटल्या. "नाई, थे नाई. थे तं कुमऱ्याच्या घरचं. का थे?" त्या माझ्याकडे वळल्या. "घराच्या मागच्या दारातून नाकासमोर. पन घरच नाई तं मी नाकासमोर कोनतं धरू?"

माझ्याजवळ जंगलाचा छापील नकाशा होता, मोबाइलवर दुसरा होता. त्या दोन्हींत कुरण होतं, तळं होतं, रस्ते होते. आमच्या आईंचं, जैवंताबाई कोडापे यांचं, मागचं दार नव्हतं. मी त्यांचा हात धरला.

"वैजू, मले सापडत नाई व," त्या म्हणाल्या. "इतक्या दुरून आलो अन् सापडत नाई."

नवरा गेला तेव्हा या बाईने सगळ्यांना चहा करून दिला होता. आता त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मला वाटलं, आपण यांना आणायलाच नको होतं. टेबलावर वालाचे दाणे होते तेव्हा सगळं जागेवर होतं.

मागून दिनकरचा आवाज आला. टोपी अजून डोळ्यांवरच होती. "काय शोधतेस, माय?"

"झाड."

"कोनतं झाड?"

"मोह वेचला म्हनून मी तुले मारलं होतं, थे."

दिनकरने टोपी काढली.

"कशासाठी मारलं होतं?" रेवाने विचारलं. बाबांना कोणी मारलं होतं, ही तिच्यासाठी वाघाइतकीच नवलाची गोष्ट होती.

"मी तुझ्यापेक्षा लहान होतो," दिनकर म्हणाला. तो रेवाला सांगत होता, पण बघत होता आईकडे. "मोह पडायला लागला की उजाडायच्या आत सगळं गाव टोपल्या घेऊन निघायचं. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. आमच्या एका झाडाखाली सगळ्यात जास्त फुलं पडायची आणि आजी तिथली एकसुद्धा उचलायची नाही. मला वाटलं, विसरते. मी एकटाच गेलो आणि टोपली भरून आणली. केवढी खूश होईल म्हटलं. तिने टोपली बघितली आणि माझ्या कानाखाली जाळ काढला. मग मला ओढत तिथे नेलं आणि सगळी फुलं परत झाडाखाली पसरून ठेवायला लावली. एकेक. म्हणाली, इथं भूत आहे, पुन्हा यायचं नाही." मग तो आईला म्हणाला, "माय, तिथं काय होतं?"

"आंदी झाड दाखव," आई म्हणाल्या.

तो उभा राहिला. आईंसारखा तो कुरणात बघत नव्हता. त्याने पाठ फिरवली आणि पाण्याकडे बघायला लागला. मला मग उमगलं. आईंचं सगळं गाव घरापासून सुरू व्हायचं आणि घर गेलं होतं. दिनकरचं गाव बोडीपासून सुरू व्हायचं. म्हशी घेऊन तो रोज तिथून वर यायचा. आणि बोडी जागेवर होती.

"ती जांभूळ," तो म्हणाला. काठावरचं एक झाड पाण्यात झुकलेलं होतं. "तिच्यावरून आम्ही उड्या मारायचो. तिथून वर यायचं, बांधाची पाळ ओलांडायची. उजव्या हाताला कुमऱ्यांची तीन झाडं. ती सोडायची." त्याचा हात सावकाश सरकत होता. "मग दोन फांट्यांचं एक. बुंध्यावर आवाळू आलेलं. भुताच्या भीतीने मी तिथून पळतच जायचो, म्हणून लक्षात आहे. ते बघ, माय. ते."

ड्रायव्हरने न सांगता गाडी सुरू केली आणि कच्च्या वाटेने हळूहळू पुढे नेली. झाड वाटेपासून फार लांब नव्हतं. दोन फांट्या, बुंध्यावर फणसाएवढी गाठ. खाली फुलं पडली होती आणि पाच-सहा चितळं माना खाली घालून ती खात होती.

"थेच," आई म्हणाल्या.

दिनकर वर्षाकडे वळला. "दोन मिनिटं उतरू द्या हिला. मी हात धरून नेतो."

वर्षाने गवताकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. तिचा चेहरा कसनुसा झाला. "सर, माझ्या हातात असतं तर... वाघीण पिल्लांना घेऊन याच गवतात फिरते हो. आजींना काही झालं तर?"

"नको," आई म्हणाल्या. "नाई उतरत मी. तिच्या नोकरीवर आनू नको गोष्ट. इथून दिसते मले."

त्या खाली बसल्या. मांडीवर हात ठेवले. आणि झाडाकडे बघत, आमच्यातल्या कोणाकडेही न बघता, बोलायला लागल्या.

"तुझ्या आंदीची पोरगी होती, दिनू. पयली. थंडीतली. नाव ठेवाच्या आंदीच गेली. मले दूधच नवतं आलं. असं तान्हं गेलं की आमच्यात मोहाखाली पुरतेत. मोहाच्या झाडाले दूध असते ना, तं थे पाजते म्हनतेत. तुझ्या बापानं अन् मी तिथं ठेवली तिले." त्यांनी हाताच्या ओंजळीने दाखवलं, एवढी. "मंग त्या झाडाची फुलं तिची झाली. तिचं खानं मी कसं वेचू? अन् तू टोपली भरून आनलं."

दिनकर दांडी धरून उभा होता.

"गाव उठलं तवा देवाले सांगतलं, चाला बापा म्हनून. पुरख्याले सांगतलं. मी तुझ्या बापाले म्हनलं, पोरीले बी सांगू. थे म्हने, नाव नाई तिचं, काय म्हनून सांगतेस? तिकडं ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. सामान चढलं, मी बी चढलो. मी सांगून नाई आलो, दिनू. शेजारी जावाचं तरी आपन 'येतो' म्हनतो. तिले नाई म्हनलं. तिले वाटत असन, माय आता येईन, सांजच्याले येईन. फुलं तं पडते अन् कोनी येत नाई."

चितळं खात होती. एकाने मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

"तेच सांगाले आलो मी. पन आता हाक कशी मारू? काय म्हनून मारू?"

मला त्या क्षणी सासऱ्यांचा राग आला, ट्रकवाल्याचा आला, आणि हेही कळत होतं की तो राग काही कामाचा नाही. रेवा माझ्या कुशीत शिरली होती. मीही रडत होते, लपवून नाही, चांगली हुंदके देऊन.

दिनकरने टोपी सीटवर ठेवली. शर्ट नीट केला. आणि ज्या माणसाने डोळे मिटून बसायचं कबूल केलं होतं, तो जीपच्या कडेला येऊन, झाडाकडे तोंड करून उभा राहिला.

"ताई," त्याने हाक मारली.

मोठ्याने मारली. मोठ्याने बोलायचं नसतं, पण वर्षा काही म्हणाली नाही. चितळं दचकून बाजूला झाली.

"ताई, मी दिनू. तुझ्या मागचा." त्याने घसा खाकरला. "आपलं गाव उठलं, ताई. आमी रस्त्याकडं राहाले गेलो. बाबा गेले तिथंच. माय माझ्यापाशी हाय, पुन्याले. बरी हाय. तिले यायचं होतं, पन येता आलं नाई." त्याने झाडाखालच्या फुलांकडे बघितलं. "तुझी फुलं मी घेतली होती एकदा. परत ठेवली मंग." आणि शेवटी, अगदी शेजारच्या घरातून निघताना म्हणावं तसं, "येतो बरं, ताई."

आई त्याच्याकडे बघत होत्या. एवढी वर्षं त्यांना जो शब्द सापडला नव्हता तो त्यांच्याच लेकाच्या तोंडून आला होता, आणि तो आईने म्हणायचा नव्हताच, भावानेच म्हणायचा होता.

"येतो मी बी, बाई," त्या म्हणाल्या. हळू म्हणाल्या, जीपमध्ये आम्हाला जेमतेम ऐकू आलं. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं, अंबाडा चाचपला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चाला आता. पोरीले वाघ दाखवा."

वाघीण दिसली, असं रेवा सांगते. रस्त्याच्या मधोमध बसली होती म्हणे, पिल्लांना घेऊन, कितीतरी वेळ. तिच्याकडे फोटो आहेत. मला त्यातलं फारसं आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की दिनकर आणि आई मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसले होते आणि दोघंही मागे वळून बघत होते.

आई पुढच्या वर्षी आषाढात गेल्या. तापाचं निमित्त झालं. शेवटच्या दिवसांत त्यांनी काही मागितलं नाही. नातेवाइकांना कळवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. नव्या मोहबोडीला, वणीला, नागपूरला, सगळीकडे फोन केले. दिनकर खिडकीपाशी बसून होता.

"सगळ्यांना कळवलं?" त्याने विचारलं.

"हो. कोणी राहिलं नाही."

"ताई राहिली," तो म्हणाला.

जंगल पावसाळ्यात बंद असतं. ते पुन्हा उघडतं तेव्हाची सकाळची फेरी त्याने धरली. त्यासाठी लॅपटॉपसमोर बसून गेट, वेळ, ओळखपत्र, सगळं स्वतः केलं. ज्या माणसाला रिक्षावाल्याला पत्ता सांगता येत नव्हता, त्याने आयुष्यात पहिल्यांदा एकट्याने बुकिंग केलं आणि तिथे जायचं तिकीट काढलं.

"मी येऊ?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "रडेल ती. मी हळूच सांगतो."